स्पेनचा राजा, इंग्लंडची राणी आणि उघडी झडती

इंग्लंडच्या राणीची कॉलर मी पत्रावळीची करते. चित्रात तिच्या गळ्याभोवती ती पांढरी, चुण्याचुण्यांची भलीमोठी चकती दिसते ना, ती. कागदी पत्रावळीच्या मधोमध डोकं जाईल एवढं भोक पाडायचं, कडेनं कात्रीनं चिरा द्यायच्या, की राणी तयार. स्पेनच्या राजाचं काम त्याहून सोपं. त्याला दाढी लागते, आणि अकोल्यात कापसाची काय वानवा? कापूस चहाच्या पाण्यात बुडवून वाळवायचा, कारण त्या राजाची दाढी पिंगट होती आणि मी इतिहासाची शिक्षिका आहे. उगाच काळी दाढी लावलेली मला चालत नाही.

ह्याच पत्रावळीच्या राणीवरून गेल्या वर्षी मला प्राचार्यांच्या खोलीत बोलावणं आलं.

मी अकोल्याच्या एका कॉलेजात शिकवते. गाव चांदूर रेल्वेजवळचं, एम.ए. अमरावतीला झालं आणि नोकरीनं इथं आणून टाकलं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा युरोपचा पेपर माझ्याकडे आहे. सोळावं-सतरावं शतक, राजे-राण्या, पोप, आणि एकाच देवाच्या दोन पद्धतींवरून एकमेकांना जाळणारी माणसं. वर्गात पातूरकडून, बार्शीटाकळीकडून सकाळची बस धरून आलेली मुलं-मुली. त्यांना कॅथलिक काय आणि प्रोटेस्टंट काय, दोन्ही सारखेच लांबचे. पहिली काही वर्षं मी शिकवायचे आणि वर्ग जांभया द्यायचा.

तो इतिहास शेवटी त्यांच्या आत शिरला तो नात्याच्या वाटेनं. एकदा मी सांगत होते की स्पेनच्या राजाची बायको इंग्लंडची राणी होती, कट्टर कॅथलिक. ती वारली. गादी तिच्या सावत्र बहिणीला मिळाली, आणि ही प्रोटेस्टंट. तर राजानं आता हिलाच लग्नाचं विचारलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हंजे भाटव्यानं साळीले मांगनी घातली का मॅडम?"

वर्ग खाडकन जागा झाला. भाटवा म्हणजे आमच्याकडे बहिणीचा नवरा, आणि साळी म्हणजे मेहुणी. भाटव्याची मागणी साळीनं हो-नाही करत आठवडेच्या आठवडे लोंबकळत ठेवली, पोपनं तिला वाळीत टाकलं, तिनं स्वतःच्याच नात्यातल्या बहिणीचं डोकं उडवलं, आणि शेवटी भाटव्यानं आरमार पाठवलं, हे सगळं त्या दिवशी पोरांनी कान टवकारून ऐकलं. त्या वर्षीच्या परीक्षेत निम्म्या वर्गानं लिहिलं की साळीनं नकार दिल्यामुळे भाटव्यानं इंग्लंडवर स्वारी केली. बाहेरच्या परीक्षकांनी त्याखाली लाल रेघा ओढल्या. मी म्हणते, काय चुकलं? धर्म, व्यापार, समुद्रावरची लूटमार ही कारणं पोरांनी खालच्या ओळींत लिहिली होतीच की.

माझ्याच विभागात एक सर आहेत. माझ्याहून वयानं मोठे, अचलपूरकडच्या गावातले, घरची काळी जमीन, आणि पोळ्याला त्यांच्या गावात तोरणाखाली पहिली जोडी त्यांच्या घरची उभी राहते. झडत्या म्हणण्यात अख्ख्या पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा नाही. वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी सांगते: पोळ्याच्या दिवशी सजवलेले बैल तोरणाखाली उभे असतात आणि माणसं एकमेकांना यमकात टोमणे मारतात, ती झडती. एकानं टाकायची, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. प्रत्येक झडतीच्या शेवटी महादेवाच्या नावाची आरोळी होते. ती झाली की झडती बंद झाली म्हणायचं. बंद झाल्याशिवाय समोरच्यानं तोंड उघडायचं नाही, असा त्यांच्या गावचा नियम आणि आमच्याही गावचा.

भाटव्या-साळीची गोष्ट सरांच्या कानावर गेली तेव्हा ते स्टाफरूममध्ये पोट धरून हसले. "मॅडम, ह्या दोघाईची भांडनं म्हंजे झडत्याच होय," म्हणाले, आणि चहाचा कप खाली ठेवून तिथल्या तिथे एक टाकली:

सोन्याचं जहाज, रुप्याचा गाव,
सात समुद्रावर माह्यं नाव,
राणीले म्हटलं लगन लाव,
थे म्हन्ते थांबा, पाहू द्या भाव!

अशी ती सुरुवात. त्या वर्षापासून पोळ्यानंतरच्या आठवड्यात कॉलेजच्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम होऊ लागला. सर स्पेनचा राजा, मी इंग्लंडची राणी, अर्धी मुलं त्यांच्या बाजूला, अर्धी माझ्या. युरोपचा जो भाग मला वर्गात महिनाभर शिकवूनही पोरांच्या डोक्यात जात नव्हता तो एका दुपारी जाऊन बसायचा. पहिल्या वर्षी मी माईक हातात घेतला आणि आरमार बुडाल्यावरची झडती टाकली:

जहाजात भरले तोफा न् धोंडे,
शिडावर लावले देवाचे झेंडे,
वाऱ्यानं केले त्याचे खांडे,
आता देवासंग काहून भांडे?

मुलांनी टाळ्या पिटल्या, शिट्ट्या वाजल्या. मग सगळा हॉल थांबला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, कारण आता आरोळी यायला हवी होती. ती माझ्याकडून येणार नव्हती.

माझ्या आजोबांनी छप्पन्न साली नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली. ज्या देवांना मी देव मानणार नाही अशी शपथ त्यांनी तिथं घेतली, त्यांत महादेव आहे. आमच्या घरात पोरं पाढ्यांच्या आधी ही शपथ शिकतात. माझं कुणाच्या महादेवाशी वाकडं नाही. ज्याला म्हणायचं त्यानं खुशाल म्हणावं, दिवसभर म्हणावं. माझ्या तोंडातून ते नाव देव म्हणून निघणार नाही, एवढीच साधी गोष्ट आहे, आणि ती कुणाला समजावून सांगायची मला गरज वाटत नाही.

तर हॉल थांबला, आणि समोरून सरांनी, कापसाची दाढी लावलेल्या स्पेनच्या राजानं, आरोळी दिली. हॉलनं तिला साथ दिली, माझी झडती बंद झाली आणि सरांनी उत्तर सुरू केलं. पुढं दरवर्षी असंच चालू राहिलं. झडती मी टाकायची, बंद त्यांनी करायची. आम्ही दोघं कधी त्यावर एक शब्द बोललो नाही. मला वाटायचं, ह्या माणसाला कळतं. खरंच कळायचं त्यांना.

हा कार्यक्रम माझ्यासाठी पोरखेळ नव्हता. आमच्या घरी बैलजोडी होती. पोळ्याला बाबा बैलांना नाल्यावर न्यायचे, चोळून चोळून धुवायचे, आणि धुताना त्यांना झडत्या ऐकवायचे. सरपंचावर, सोसायटीच्या गटसचिवावर, माझ्या आईवर. आई काठावरून ओरडायची आणि बाबांना आणखी चेव यायचा. मी तितकं हसलेली पुन्हा कधी आठवत नाही. संध्याकाळी मात्र आमची जोडी तोरणाच्या रांगेत सगळ्यात मागे उभी असायची आणि बाबा तोंडातून एक अक्षर काढायचे नाहीत. गावातल्या फालतू झडत्यांवर लोक हसायचे आणि बाबांच्या पोटात त्याहून दहापट चांगल्या पडून असायच्या. मला राग यायचा.

"काहून नाई म्हनत बाबा तुमी?" मी एकदा विचारलं.

"झडती माही हाय, आरोळी त्याईची हाय," बाबा म्हणाले. "एक म्हटली का दुसरी म्हना लागते. मंग मी बैलाइलेच आयकवतो. बैल काई म्हन म्हनत नाई."

जे बाबांना तोरणाखाली कधी म्हणता आलं नाही ते मी हॉलमध्ये माईकवर म्हणत होते. म्हणून तो कार्यक्रम मला माझा वाटायचा. दुसऱ्या कुणाला त्यात घुसू द्यायची माझी तयारी नव्हती.

ते बोलावणं आलं त्याच्या आदल्या वर्षीच्या कार्यक्रमात कुणीतरी मोबाईलवर चित्रण केलं होतं. गेल्या वर्षी पोळा जवळ आला तसं ते ग्रुपवर फिरू लागलं. झडती नव्हती त्यात. मी गप्प उभी आहे आणि हॉल आरोळी देतोय, एवढाच तुकडा, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं, मॅडमच्या तोंडाला कुलूप कशाचं? तो तुकडा फिरत फिरत संस्थेच्या एका संचालकांपर्यंत पोचला. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. मला बोलावलं तेव्हा ते प्राचार्यांच्या शेजारी बसले होते आणि सर आधीपासून एका खुर्चीत खाली मान घालून.

प्राचार्य वाईट माणूस नाही. भांडण म्हटलं की ते कसंही करून मिटवायला धावतात, एवढंच. "मॅडम, तुमच्या मनात काय हाय ते कोन पाहून राहिलं?" ते म्हणाले. "तोंडानं म्हना अन् मोकळ्या व्हा. मनात काईबी असू द्या."

"कार्यक्रम पोयाचा हाय," भाऊ म्हणाले. "ज्याचं तोरन त्याची आरोळी. म्हनाची नसंन त दुसरी रानी पाहू. गृहअर्थशास्त्राच्या मॅडम आनंदानं करतीन."

मला हसू आलं. अगदी मोठ्यानं आलं, आणि ते भाऊंना आवडलं नाही. पण करू काय? इतकी वर्षं जे फळ्यावर लिहीत आले ते दोघंही मला तोंडपाठ म्हणून दाखवत होते. ज्याचं राज्य त्याचा धर्म, असा तह जर्मनीतल्या राजेलोकांनी सोळाव्या शतकात केला होता. राजाचा जो देव तोच प्रजेचा. पटत नसेल त्यानं घरदार विकावं आणि दुसऱ्या राजाच्या मुलखात चालतं व्हावं. ते झालं भाऊंचं. आणि प्राचार्यांचं बोलणं म्हणजे थेट माझ्या राणीचा कायदा. ती म्हणायची, प्रजेच्या मनात मी डोकावत नाही, फक्त रविवारी माझ्या चर्चमध्ये येऊन बसा. जो येणार नाही त्याला दंड. पुढं तो दंड इतका वाढवला की चांगल्या खात्यापित्या घरांवर जमिनी विकायची पाळी आली. पाठ्यपुस्तकात ह्याला मध्यम मार्ग म्हटलं आहे. मीही वर्षानुवर्षं मध्यम मार्गच म्हणत आले. सिंहासनावर बसून पाहिलं की तो मध्यमच दिसतो.

"सर," मी प्राचार्यांना म्हटलं, "राणी मीच राहणार. आणि आरोळी मी देणार नाही."

मग प्राचार्यांना तोडगा सुचला आणि त्यांचा चेहरा उजळला. आरोळी तर दरवर्षी सरच देतात. मग माईकवरून तेवढं आधी जाहीर करायचं, की मॅडमच्या वतीनं सर आरोळी देतील. मॅडमला तोंड उघडायला नको, आरोळीही झाली, तोरणाचा मानही राहिला. भाऊंनी जरा विचार करून मान डोलावली. सरांनीही हळूच हो म्हटलं. माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही. मी बसले होते तिथं एक रिकामी खुर्ची असती तरी चाललं असतं.

स्कूटीवरून घरी जाताना मोर्णा नदीच्या पुलावर माझं डोकं तापलेलं होतं. मॅडमच्या वतीनं! आठवलं ते त्या राणीच्या राज्यातल्या कॅथलिक घरांचं. तिथं काय चालायचं, तर नवरा जायचा रविवारी चर्चमध्ये आणि बसून यायचा. त्याच्या नावावर जमीन होती, ती वाचवायची होती. बायको मात्र जायची नाही. ती घरातच बसून आपली जुनी प्रार्थना म्हणायची. एक जण हजर राहिला की घर वाचलं. वर्गात मी हे कौतुकानं सांगायचे, की बघा, लोक किती हुशारीनं जगतात. त्या बायकांना कसं वाटत असेल हे मात्र मी कधी सांगितलं नाही, कारण कुठल्या पुस्तकात ते नव्हतं. त्या दिवशी ते मला पुलावर कळलं. नवरा चांगला होता, घर वाचवत होता, सगळं खरं. पण गावभर जेव्हा म्हणतात की तिच्या वतीनं तो बसून आला, तेव्हा तिचं घरात बसणं पुसलं जातं.

दुसऱ्या दिवशी सरांना गाठलं. स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो.

"सर, ह्या वर्सी माही झडती बंद करू नका."

डबा उघडता उघडता ते थांबले. "इतके वर्स केली मॅडम. कधी बोल्ल्या नाई तुमी."

"तवा तुमी तुमच्या मनानं करत होते. आता माह्या नावानं करान."

"उघड्या झडतीले उत्तर कसा देऊ मी? मोडते थे. अन् माह्या घराचा मान हाय पोयाले. व्हिडिओ गावातबी जाते. लोक म्हनतीन, ज्याच्या घरची पयली जोडी त्यानंच झडती मोडली."

"मंग उत्तर देऊ नका."

"तुमचं काय जाते बोलाले!" सर एकदम चिडून म्हणाले.

हे मला लागलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी उडवून लावलं असतं. "माहंच जाते सर," मी म्हटलं, "म्हनून त बोलून राहिली." आणि उठून तासाला गेले. त्यानंतर कार्यक्रमापर्यंत आम्ही बोललो नाही. रोज अकरा वाजता ते दोन चहा सांगायचे. त्या आठवड्यात ते एकच सांगत होते. मला वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पण चहासाठी मी माझं म्हणणं मागे घेणार नव्हते.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल खचाखच भरला. त्या चित्रफितीमुळे दुसऱ्या कॉलेजांतली पोरंही आली होती. पहिल्या रांगेत भाऊ, त्यांच्या शेजारी प्राचार्य. सर दाढी लावून एका बाजूला, मी पत्रावळ घालून दुसऱ्या बाजूला. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं ठरल्याप्रमाणे जाहीर केलं की राणीच्या झडतीनंतर मॅडमच्या वतीनं सर आरोळी देतील. मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. माझे कान तापले.

सरांची पहिली झडती झाली, त्यांची आरोळी झाली. मग माझी पाळी आली. राणीच्या घराण्यात तिचा बाप, भाऊ, बहीण आणि ती स्वतः, प्रत्येकानं गादीवर बसून देशाचा धर्म फिरवला होता, त्यावरची होती ती:

राजा बदलला, देव बदलला,
एका घरात चारदा बदलला,
कालचा पुजारी आज जयला,
मंग खरा देव कोनाले कयला?

जयला म्हणजे जळला, कयला म्हणजे कळला. आमच्या हॉलमध्ये हे कुणाला सांगावं लागत नाही. हशा झाला, टाळ्या झाल्या, आणि सरांनी आरोळी दिली. हॉलनं साथ दिली. सरांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. आता नियमानं त्यांची पाळी होती. त्यांनी माईक तोंडाजवळ नेला, पण मी त्यांच्या आधी तोंड उघडलं. असं कुणी करत नाही. मी केलं.

तोरन तुमचं, ढोल तुमचा,
गावच्या शिवेवर बोल तुमचा,
बैल माह्या बापाचा, घाम बापाचा,
गळा माहा, मंग शब्द कोनाचा?

ह्या वेळी हशा झाला नाही. माझ्या बाजूच्या मुली नुसत्या बघत राहिल्या. ही झडती राणीची नाही हे पोरांना कळलं होतं. स्पेनमध्ये कुठं तोरण असतं? सरांनी पुन्हा आरोळी दिली, पण आवाज खाली आला होता, आणि हॉलची साथही अर्धीच आली. भाऊ प्राचार्यांच्या कानाशी काहीतरी बोलले. गळ्यात ती पत्रावळ टोचत होती आणि मला कुणाचीही भीती वाटत नव्हती. तिसरी मी आधी जुळवलेली नव्हती. सरांकडे तोंड करून म्हणता म्हणता जुळत गेली:

राजा रे राजा, स्पेनच्या राजा,
तूच काहून लावतं माहा दरवाजा?
माहा न् तुहा काई नाई झगडा,
आज माहा दरवाजा राहू दे उघडा.

आणि मी थांबले. आता माझ्याकडे आणखी काही नव्हतं. त्यांनी बंद केली असती तर बंद झाली असती.

सरांनी तोंड उघडलं. घामानं त्यांच्या दाढीचा कापूस एका बाजूनं सुटून लोंबायला लागला होता, आणि कुणीही हसत नव्हतं. "सर, बंद करा झडती," भाऊ पहिल्या रांगेतून म्हणाले, जरा मोठ्यानंच. सरांनी भाऊंकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तोंड मिटलं. लोंबणारी दाढी ओढून काढली, खिशात टाकली, आणि माझी झडती उघडी असतानाच उत्तर दिलं:

जहाजं बुडाली, दाढी निंघाली,
तोफाईची दारू पान्यात गेली,
उघड्या दारातून भाटवा आला,
साळीबाई, ठेव वो चहाचा पेला!

हॉल असा फुटला की बाहेर व्हरांड्यातली माणसं आत धावली. आणि त्या गोंगाटात सरांनी आपल्या झडतीची आरोळी दिली. स्वतःच्या झडतीची, स्वतःच्या महादेवाच्या नावानं, छाती फुगवून, खणखणीत. ज्यांना साथ द्यायची होती त्यांनी दिली, ज्यांना द्यायची नव्हती ते हसत राहिले. मीही हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते कुणी पाहिलं असेल तर पाहू दे.

भाऊ स्टेजजवळ आले. "झडती मोडली सर तुमी," म्हणाले.

"मोडली नाई भाऊ," सर म्हणाले. "मॅडमची उघडी हाय, माही बंद हाय. चालल्या ना दोनीबी? पडलं का काई?"

भाऊ निघून गेले. पुढच्या आठवड्यात प्राचार्यांनी आम्हाला दोघांना बोलावून सांगितलं की यापुढे असा कार्यक्रम हॉलमध्ये होणार नाही, संस्थेची इच्छा नाही. बरं म्हटलं. हॉल संस्थेचा आहे. सायकल स्टँडजवळचा कडुनिंब कुणाचा आहे ते आम्ही विचारलं नाही, आणि यंदा पोळ्यानंतर त्याखाली बिनमाईकचा कार्यक्रम करून टाकला. सरांना गावात बोलणी बसलीच. पोळ्याला दोघा-तिघांनी तोरणाखालीच टोकलं. "मंग काय केलं सर?" मी विचारलं. "त्याईच्यावरच टाकल्या झडत्या," ते म्हणाले. "खाली मान घालून आयकत होते लेकाचे." अकरा वाजता ते पुन्हा दोन चहा सांगतात.

राहिली बाबांची गोष्ट. बाबा आता थकले. बैल विकून बरीच वर्षं झाली. हॉलमधल्या त्या झडत्यांचं चित्रण गावात कुणीतरी त्यांना मोबाईलवर दाखवलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा लावायला सांगून त्यांनी पाहिलं म्हणे. मग फोन आला.

"आयकलं सारं," बाबा म्हणाले.

जन्मभर रांगेत मागे मुकाट उभा राहिलेला माणूस, आज लेकीचं ऐकून भरून आलं असेल, आता रडतील की काय, असं मला वाटलं. कसलं काय.

"आवाज लाहान होता तुहा," बाबा म्हणाले. "मांगच्या बैलाले आयकू गेला नसता."

पुढच्या खेपेले मोठ्यानं म्हनीन बाबा, मी म्हटलं.